दोन्ही बाजूंना माणसं

"दोनदा वाजवायचं आणि थांबायचं. उत्तर आलं की मग चहा. तिसऱ्यांदा वाजवायचं नाही. तिसरा ठोका म्हणजे हातातलं टाकून धावत ये, असं. कळलं?"

आईचा हा आवाज धाकटीच्या कानात इतका जुना होता की तो आपल्याला ऐकू येतो हेही ती विसरून गेली होती. घरातल्या घड्याळाची टिकटिक विसरावी, तसा. म्हणून त्या सकाळी आईच्या नव्या घरातल्या कोचावर अर्धवट झोपेत असताना आधी तो आवाज आला आणि मागोमाग खरंच दोन ठोके आले, तेव्हा कुठलं आठवणीतलं आणि कुठलं आत्ताचं, हे तिला पटकन कळेना. टक, टक. पळीच्या दांडीचे. ती तशीच पडून राहिली. आदल्या संध्याकाळी साइटवरून निघायला उशीर झाला म्हणून ती घरी न जाता इथे आली होती. या घरात आई राहायला आल्यापासून ती पहिल्यांदाच मुक्कामाला राहिली होती, हे तिला आत्ता, छताकडे बघताना उमगलं. छत तिनेच नकाशात काढलं होतं, म्हणजे त्याची उंची, त्याची तुळई, सगळं. स्वयंपाकघराच्या दारातून आईची पाठ दिसत होती. आई भिंतीसमोर उभी होती, मान थोडी खाली, डोळे मिटलेले असावेत अशी. भिंतीला कान लावून नव्हे; हातभर मागे, देवासमोर उभं राहावं तशी. ओट्यावर चहाचा कप, वर बशी पालथी. वाफ बशीच्या कडेने बाहेर पडत होती आणि आई थांबली होती. मग भिंतीच्या आतून, खोलवरून, ठक असा एक आवाज आला आणि जरा वेळाने दुसरा, दबका. आईच्या पाठीतला ताठपणा सैल झाला. तिने बशी उचलली. "उठली," ती म्हणाली, कुणालाच नाही, आणि पहिला घोट घेतला.

धाकटी उठून बसली, पण तिला कोचावरून उठवेना. कारण ती भिंत तिला तळहातासारखी माहीत होती. त्या भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. त्या भिंतीपलीकडे एक उभी पोकळी होती, वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप नेण्यासाठी सोडलेली. तिला ऑफिसात डक्ट म्हणत. वर कुणीतरी नळ सोडला की पाइपातली हवा आपटते आणि ठक होतं. बस. आणि आई जिला 'उठली' म्हणाली ती पलीकडची, जिचं नाव आईने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, जिला ती सदा 'पलीकडची' म्हणत आली, ती याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्याच एका पोकळीशेजारी राहत होती.

"जागी झालीस? चहा ठेवू तुला?" आई म्हणाली. "हल्ली जरा उशीर करते ती. पण देते उत्तर." आणि असं म्हणताना तिने धाकटीकडे बघितलं नाही, कपाकडे बघितलं.

धाकटीने चहा घेतला. तो गोड होता की अगोड, हे तिला नंतर आठवलं नाही. तिला एकदम गेल्या महिन्यातला एक दिवस आठवला. आवारातला पंप बंद पडला होता, सगळ्या इमारतींना पाणी नव्हतं, आणि ती दुपारी सहज डोकवायला आली तर आई खिडकीशी बसलेली, चेहरा पांढराफटक, ओट्यावर चहाचा कप बशीने झाकलेला. चहावर साय धरून ती सुरकुतली होती. "काही खाल्लंस का?" तिने विचारलं होतं. "भूक नव्हती गं," आई म्हणाली होती. आणि धाकटीने डॉक्टरांना फोन केला होता, म्हातारपण, पित्त, साखर, सगळं धुंडाळलं होतं. भूक नव्हती! नळ नव्हता. नळाला पाणी नव्हतं, म्हणून ठक झालं नव्हतं, म्हणून चहा झाला नव्हता, म्हणून पुढचं काहीच झालं नव्हतं. एवढ्या मोठ्या शहराच्या पाण्याच्या चाकावर आपल्या आईचा नेम बांधला गेला आहे, आणि ते बांधणारे हात आपले आहेत, हे तिला आत्ता, लिफ्टने खाली उतरताना कळलं, आणि लिफ्टच्या आरशातला आपला चेहरा तिला कुणा बाहेरच्या बाईचा वाटला.

ऑफिसला जाताना ती जुन्या घरात होती. पाय इकडे, मन तिकडे. चारमजली, बिनलिफ्टची, पिवळ्या रंगाची ती इमारत. जिच्या जागेवर आता या उंच इमारती उभ्या होत्या. आईचं स्वयंपाकघर आणि पलीकडचीचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक विटेची भिंत. तीही कसली, एका विटेची, गिलावा सुटलेली. दोघी नव्या सुना होत्या तेव्हा कधीतरी पलीकडचीचं पहिलं मूल जन्मताच गेलं, आणि ती उठेना, जेवेना. तेव्हा आईने भिंतीवर दोनदा वाजवलं, आणि मनाशी म्हणाली, ही उत्तर देईतो मी चहा घ्यायची नाही. उत्तर आलं ते दिवस कलल्यावर. दुसऱ्या दिवशी जरा आधी. मग आणखी आधी. हे आईने कधी सांगितलं नव्हतं. थोरल्या बहिणीने सांगितलं होतं, तीही लग्न होऊन दूर जाताना, सामान बांधता बांधता, काहीतरी द्यायचं राहून गेलं होतं ते देऊन टाकावं तसं. धाकटीला त्या ठोक्यांचा रागच यायचा. ठोक्यांचाच कशाला, त्या भिंतीतून येणाऱ्या सगळ्याचा. पलीकडच्या काकांचा खोकला, त्यांचं भांडण, भांडणानंतरचं न बोलणं. तेही ऐकू यायचं, ते तर सगळ्यात मोठ्याने. परीक्षेच्या दिवसांत ती कानांत बोटं घालून पाठ करायची आणि बोटं काढली की तोच खोकला. तेव्हा तिने एक शपथ घेतली होती. मोठी होईन, घरं बांधीन, आणि अशी बांधीन की कुणाचं कुणाला काही ऐकू येणार नाही. प्रत्येकाला आपापली शांतता. आपापलं दार, आपापलं रडणं. पोरीबाळी काय काय शपथा घेतात आणि विसरतात. ही विसरली नाही, हीच तर रड होती.

आणि त्याच भिंतीतून एकदा तिसरा ठोकाही गेला होता. बाबा मोरीत पडले तो दिवस. आईने हाक मारली नाही. तिच्या गळ्यातून हाक निघेचना. तिने भिंतीवर वाजवलं, एक, दोन, आणि तीन. धाकटी पुस्तक घेऊन उभीच होती, उभीच्या उभी. दार ढकलून पलीकडची आत आली ती ओल्या केसांनी, अनवाणी, हातात अजून न पिळलेलं लुगडं. बाबांचं डोकं तिने मांडीवर घेतलं, तेव्हा त्या लुगड्याचं पाणी फरशीवर पसरत धाकटीच्या पायांपर्यंत आलं होतं. बाबा गेलेच. पण एकटे नाही गेले. त्या पाण्याचा गारवा तळव्यांना आत्ताही लागला आणि ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, चालायचं तर चाला." ती चालू लागली. या नव्या घरात आईने तिसरा ठोका वाजवला तर तो कुठे जाईल? पाइपांच्या कडेकडेने खाली, तळघरात, पंपाशेजारी. तिथे कोण आहे अनवाणी धावत यायला?

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, तिच्याहून थोडे मोठे, हसतमुख, माणसांना सांभाळून घेणारे. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, धाकटीला वाटलं, निदान कुणावर तरी रागावता आलं असतं. टेबलावर दुसऱ्या टप्प्याचा नकाशा होता. पहिल्या टप्प्यात जुन्या रहिवाशांना घरं मिळाली, आता रस्त्यापलीकडच्या इमारती पाडून तशाच आणखी उभ्या करायच्या. शहरात घरं नव्हती. माणसं घरं शोधत नव्हती, घरांची वाट बघत होती, बसस्टॉपवर उभं राहावं तशी, वर्षानुवर्षं. नकाशावर शेडिंग करणारी मुलगी तिघींबरोबर एका खोलीत राहायची आणि पाळीपाळीने झोपायची. ती एकदा म्हणाली होती, "मॅडम, मी ही बेडरूम काढते ना, त्यात आधी मनातल्या मनात झोपून बघते." सगळे हसले होते. अशा शहरात कुणी भिंतीचं काय बोलावं? डोक्यावर छप्पर मिळतंय ते घ्या, दगडापेक्षा वीट मऊ. धाकटीही हेच म्हणत आली होती. पण आज तिने नकाशा समोर ओढला आणि एक वेडगळ गोष्ट करायला घेतली. पहिल्या टप्प्यातल्या सगळ्या भिंतींवरून ती पेन्सिल फिरवू लागली. या भिंतीपलीकडे काय? डक्ट. या? लिफ्ट. या? जिना. या? बाहेरची हवा. या? कॉरिडॉर. एक मजला संपला. दुसरा तोच. तिने अशी एक भिंत शोधायला घेतली होती, जिच्या दोन्ही बाजूंना माणसं असतील. आणि आपण इतकी चांगली, इतकी मन लावून घरं काढली, की त्यांत अशी भिंत सापडू नये म्हणून जणू जागता पहारा ठेवला, हे बघून तिची पेन्सिल थांबली.

या घरांची जाहिरात साहेबांनीच लिहिली होती. 'भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंती बहिऱ्या आहेत.' लोकांना फार आवडली होती ती. तिलाही.

"काय शोधताय मॅडम? हरवलं का काही?" साहेब मागे येऊन उभे राहिले.

"दुसऱ्या टप्प्यात स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून घेते आहे. डक्ट कॉरिडॉरच्या बाजूला."

"का?"

 पळीची दांडी, म्हातारी आई, चहा, हे त्या गार खोलीत कसं मांडायचं? "पाइपांच्या देखभालीला सोपं जाईल," ती म्हणाली. आणि हे खरंही होतं, म्हणून तिला स्वतःची जास्तच लाज वाटली. मग म्हणाली, "आणि शेजार असेल."

साहेब हसले. "शेजार! मॅडम, लोक शेजार विकून शांतता विकत घेतात. तुम्हीच मला हे शिकवलंत. ठोकाठोकी ऐकायला घर घेतं का कुणी?" मग जरा थांबून, जणू तिच्याच बाजूने, "बघा, तो पहिल्या टप्प्यातला खालचा कोपरा. तिथे जागा अरुंद पडली, आपल्याला डक्ट देता आली नाही, दोन घरांत एकच भिंत घ्यावी लागली. तिथलीच दोन घरं काय ती रोज फोन करतात. खोकला ऐकू येतो, पोर रडतं. आजही आलाय फोन. जाऊन या जरा, समजूत काढा. तुमचं ऐकतात ती माणसं."

खालचा कोपरा! पेन्सिल तिथपर्यंत पोचलीच नव्हती. तो कोपरा तिने नकाशात काढला होता तेव्हा तिला झोप लागली नव्हती. एवढ्या सुंदर कामात तो एक डाग राहिला, असं वाटून.

तुमचं ऐकतात. हो, ऐकतात. पाडकामाच्या आधी जुन्या इमारतीतले लोक हलायला तयार नव्हते. साहेब बोलले, वकील बोलले, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी धाकटी गेली, घराघरांत बसली. आपली पोर म्हणते आहे, तर जाऊ, असं म्हणून ते हलले. सामान काढायच्या दिवशी पलीकडची रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसून होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने धाकटीचं मनगट धरलं. तिचे हात नेहमी ओलसर असत. "आमची भिंत मोडतेस ना," ती म्हणाली, "मग दुसरी घालून दे. एवढंच." रागाने नव्हे, अगदी साधं, उसनी वाटी नेलीस तर परत आणून दे, तसं. आणि धाकटी म्हणाली होती, "देते काकू." लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली होती. मग चिठ्ठ्या टाकून घरं वाटली गेली, आईला एका इमारतीत वरचं, उन्हाचं घर आलं, पलीकडचीला दुसरीकडे. तेव्हा तिला बदल करता आला असता. साहेबांना एक शब्द टाकला असता तर. पण तिने कानाला खडा लावला होता, आपल्या आईसाठी म्हणून काही मागायचं नाही. मुलगी आहे म्हणून झालं, असं कुणी म्हणायला नको. लोकांनीही तिचं केवढं कौतुक केलं. त्या कौतुकाची ऊब तिने किती दिवस पांघरली! आणि आत्ता कोपऱ्यातल्या घराकडे जाताना तिला दिसलं, की न्यायाने वागणं आणि दिलेला शब्द न पाळणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं. इतकं सोपं असतं ते, की करणाऱ्याला कळतही नाही.

दार उघडलं ते एका तरुण बापाने, खांद्यावर बाळ, बाळाच्या तोंडात त्याच्या शर्टाची कॉलर. "या या मॅडम. ऐका तुम्हीच. बसा इथे. भिंतीला टेकू नका, पलीकडचे मास्तर टेकले असतील, पाठीला पाठ लागेल."

"अहो!" आतून त्याची बायको.

"खोटं आहे का? मॅडम, ते मास्तर शिंकले ना, की हे दचकून उठतं. हे रडलं की ते भिंतीवर हात आपटतात. मी रात्री बायकोला काही बोलतो, तर सकाळी जिन्यात मास्तर मला सल्ला देतात!" तो हसत होता, पण डोळ्यांखाली काळं होतं. "कुठलंही घर द्या बदलून. वरचं द्या, ऊन नसलं तरी चालेल, आईशप्पथ."

पलीकडून खोकला आला. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. किती वर्षांनी! भिंतीतून येणारा खोकला तोंडातून येणाऱ्या खोकल्यापेक्षा निराळा असतो, खालच्या पट्टीतला, घरातल्या माणसाचा. ती उठून भिंतीपाशी गेली आणि तिने तळवा टेकला. भिंत कोमट होती. दुपारचं ऊन तर इथे येत नव्हतं. पलीकडे मास्तरांनी गॅस पेटवला असेल, काहीतरी शिजत असेल.

"बघा ना, मॅडमनासुद्धा धक्का बसला," तरुण बाप बायकोला म्हणाला.

शेजारच्या घरात मास्तरही तेच म्हणाले. निवृत्त, नीटनेटके, बोलताना समोरच्याची चूक काढावी तसं बोट उचलणारे. "मला बाळाचा राग नाही. बाळानं रडावं, त्याचं काम आहे ते. मला रडणं ऐकून उठून बसावंसं वाटतं, त्याचा राग आहे. मी एकटा माणूस. मला शांतता द्या, म्हणजे मी सुटलो." आणि मग बोट खाली घेऊन, "काल ते रडलं नाही. मी जागाच. आजारी तर नाही ना ते?"

"नाही. बरं आहे," धाकटी म्हणाली. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि लगेच, जणू चोरी पकडली गेली असावी तसे, पुन्हा कडक झाले. "तरीसुद्धा. दुसरं घर असलं तर सांगा."

ती बाहेर आली. आवारातल्या सिमेंटच्या बाकावर बसली. समोर पलीकडचीची इमारत. वरपर्यंत खिडक्या, सगळ्या सारख्या, सगळ्या तिच्या हातच्या. त्यांतली पलीकडचीची कुठली, ते तिला सांगता येईना. नकाशात बोट ठेवून सांगता आलं असतं. डोळ्यांनी येईना. राहायला गेल्यापासून ती तिथे एकदाही वर गेली नव्हती. गेली असती तर ओलसर हात मनगटाला लागला असता. कोपऱ्यातली ती दोन घरं तिच्या डोक्यात माशीसारखी घोंगावत होती, बसत होती, उडत होती. दोघांना नको आहेत. दोघींना हवी आहेत. आईचं उन्हाचं घर मास्तरांना, पलीकडचीचं त्या बाळाला. एवढं सोपं? मग लगेच दुसरी माशी. साहेब म्हणतील, पायंडा पडेल, उद्या सगळं आवार बदलून मागेल. लोक म्हणतील, मुलीने आईला उन्हातून काढून अंधारात टाकलं. मास्तरांचं काय? बाळ आजारी तर नाही ना, हे विचारायला त्यांना भिंत कुठली? एकाची पोकळी भरायची तर दुसऱ्याला पोकळी द्यायची. असंच का बांधतो आपण? मुळात पोकळ्या काढल्याच का? ती उठली, बसली, पुन्हा उठली. बाकाशेजारून जाणाऱ्या पहारेकऱ्याने विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?" आज दुसऱ्यांदा.

ऑफिसला परत जाऊन तिने दुसऱ्या टप्प्यातली स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून टाकली. सगळी. साहेब दारात येऊन बघून गेले, जाताना एवढंच म्हणाले, "उद्या बोलू." कोपऱ्याच्या अदलाबदलीचं तिने विचारलं तेव्हा मात्र ते खुर्चीत मागे रेलले. "चौघांनी आपणहून लिहून दिलं तर मी कोण नाही म्हणणारा? पण मी कुणाला विचारायला जाणार नाही. आणि मॅडम, तुमच्या आईचं घर फार चांगलं आहे हो. खरंच." ते मनापासून म्हणत होते.

संध्याकाळी ती घरी फोन करून पुन्हा आईकडेच गेली. आई शेंगा सोलत होती, तिनेही परातीत हात घातला. बराच वेळ शेंगांच्या टरफलांशिवाय काही आवाज नव्हता. खरोखरच नव्हता. किती नीट काम केलंय आपण, तिला वाटलं.

"आई, त्या भिंतीपलीकडे कुणी नाही. पोकळी आहे. पाइप आहेत. आवाज येतो तो नळाचा."

आईचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे की."

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. एवढी वर्षं तिचा हात ऐकलाय, लोखंडाचा आवाज कळणार नाही?"

"मग उठली म्हणतेस ती?"

"कुणीतरी उठतंच ना. उठल्याशिवाय नळ सोडतं का कुणी?" आईने एक किडका दाणा बाजूला काढला. "जे कुणी असेल, ते आहे, धड आहे, हातपाय हलतायत. तेवढं कळतं. चहाला तेवढं पुरतं."

"आणि पाणी नसलं, पंप बंद पडला, म्हणजे उपास?"

"त्या दिवशी जरा चक्कर आली खरी," आई म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाबद्दल.

"आई, सोड ना मग हा नेम. देव काही रागावणार नाही."

"देव कशाला रागावेल? त्याला काय, त्याच्यापुढे सगळं जग वाजवतंय, तो कुठे उत्तर देत बसतो?" आई हसली, आणि धाकटीलाही हसू आलं, नको असताना. "उत्तर येतं म्हणून नेम करतात का कुणी, धाकटे? आपण थांबतो, म्हणून करतात. दिवसातून एकदा तरी आपल्या घोटाआधी दुसऱ्याचं मनात यावं."

"काकू भेटतात ना तुला? खाली?"

"भेटतो की. चार-आठ दिवसांनी, बाकावर. दोघी नीट केस विंचरून येतो, बरं आहे म्हणतो, जातो." आईचे हात आता थांबले. "भेटायला बरं असावं लागतं गं. भिंतीला बरं नसलं तरी चालायचं."

"फोन करावास."

"फोनला कारण लागतं."

"त्या अजून वाजवतात का? विचारलंस कधी?"

"असं विचारतात होय?" आई जवळजवळ लाजली. मग परात सरकवत, हळू म्हणाली, "वाजवत असेल. माझ्यापेक्षा हट्टी आहे ती." आणि तिने भिंतीकडे बघितलं ते असं, की धाकटीला त्या भिंतीआड आवारभर पसरलेला तो सगळा पोकळ अंधार दिसला, आणि त्याच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या, पळीच्या दांड्या घेऊन, मान खाली घालून, एकमेकींसाठी थांबलेल्या.

त्या रात्री ती जागीच होती असं नाही, पण झोपेतही कुणीतरी भिंतींवरून पेन्सिल फिरवत होतं.

सकाळी आई उठायच्या आधी तिने तोंड धुतलं, केस बांधले. आईने चहा केला, कप भरला, बशी पालथी घातली. पळी घेतली. टक, टक. दोघी थांबल्या. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा ते थांबणं आतून बघितलं. ऐकणं नव्हेच ते, जागा करून देणं होतं, गर्दीत कुणासाठी तरी थोडं सरकून बसावं तसं. भिंत गप्प होती. वर कुणी उठलं नसेल. कुणी गावाला गेलं असेल. पाणी आलं नसेल. वाफ बशीच्या कडेने निघून जात होती.

धाकटीने चपला घातल्या.

"एवढ्या सकाळी? कुठे?" आईने मान न वळवता विचारलं.

"खालच्या कोपऱ्यात. त्या दोन घरांत विचारायचंय, घरं बदलून घेता का म्हणून. आणि मग काकूंकडे." ती दाराची कडी काढू लागली. "त्यांना एक भिंत देणं लागते मी."

आई पळीची दांडी पदराला पुसत राहिली. "तिथे ऊन नसेल ना?"

"नाही. अंधारं आहे. आणि मधली भिंत पातळ आहे फार. खोकलं तरी ऐकू येतं."

"ऊन काय," आई म्हणाली, "खुर्ची उन्हात नेता येते."

धाकटीने लिफ्ट बोलावली नाही. ती जिन्याने निघाली, एक हात भिंतीवरून फिरवत, मजल्यामागून मजला. प्रत्येक वळणावर गार, पोकळ, गुळगुळीत, तिची स्वतःची भिंत. तरुण बाप उठला असेल का? मास्तर नाही म्हणाले तर? काकूंनी हात धरला तर त्यांच्याकडे बघायचं कसं?  पाय मात्र भराभर पडत होते, कारण वर आईच्या ओट्यावर चहा झाकलेला होता, आणि तो निवत होता.